परदेशी खरेदीदार तीन आठवडे येणार आहेत. त्यांच्या राहण्याची सोय कोठे करावी?

प्रश्न (हिंगणघाट तालुका)
नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सेंद्रिय कापूस घेऊ इच्छिणारे दोन जर्मन प्रतिनिधी डिसेंबरमध्ये येत असून शेते, संकलन केंद्र आणि जिनिंग प्रत्यक्ष पाहण्यासाठी ते तीन आठवडे राहणार आहेत. नागपूरला ठेवले तर जाण्यायेण्यातच रोज तीन तास मोडतील, आणि गावाजवळच्या लॉजमध्ये त्यांना ठेवण्यास माझे मन धजत नाही. माझ्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. तेथे सोय केल्यास कायद्याची काही अडचण येईल का?

उत्तर (वर्धा)
भाऊ, घरी ठेवता येते. मात्र परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरणे घरमालकाला बंधनकारक आहे, मग भाडे घेतलेले असो वा नसो. यालाच लोक ‘सी फॉर्म’ म्हणतात. आमच्याकडे एक पाहुणा रात्री अकराला पोहोचला, आणि फॉर्म भरण्याआधी घरमालकाच्या नावाने खाते उघडून त्याला मान्यता घ्यावी लागते, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स घेऊन मी दुपारपर्यंत पोलीस कार्यालयाच्या बाकावर बसून होतो. आपण खात्याचे काम याच महिन्यात उरकून घ्या. लॉजचा विचार झालाच, तर परदेशी पाहुण्यांची नोंद तेथे करतात का हे आधी विचारा. नाहीतर ऐनवेळी पासपोर्ट पाहून खोली नाकारतात.

आणखी एक गोष्ट त्यांना निघण्यापूर्वीच कळवावी: वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे.

उत्तर (वणी)
घरच बरे, असे माझेही मत आहे. डिसेंबरमध्ये नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते आणि त्या काळात चांगल्या हॉटेलांत खोली मिळणे कठीण जाते. सरकारी विश्रामगृहावर तर विसंबूच नका, कारण अधिकारी किंवा मंत्री आले की खासगी पाहुण्याला खोली सोडावी लागते.

वरच्या मजल्यावर कमोड, गिझर आणि इन्व्हर्टर असल्याची खात्री करा. हिवाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिकडचे कार्यालय सायंकाळी पाचला सुटते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दिवसभर शेतात फिरून आल्यावर त्यांचे खरे काम सुरू होईल, म्हणून टेबल, खुर्ची आणि भरवशाचे इंटरनेट यांवर खर्च करा. पलंग साधा असला तरी चालेल. जेवणात पहिले काही दिवस वरण, भात, पोळी एवढेच ठेवा, सावजी रस्सा त्यांनी मागितल्यावरच द्या.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. उद्याच पोलीस कार्यालयात जाऊन खात्याची चौकशी करतो. गिझर आहे, पण कमोड नाही. कापूस वेचणी जोरात सुरू होण्याआधी गवंडी बोलावून ते काम करून घेतो.