अनुभव धागा: सोलापुरात शूटिंग करताना दिग्दर्शकाचे कोणते निर्णय पडद्यावर दिसतात?

नमस्कार मंडळी.

सोलापुरात हल्ली लघुपट करणारे बरेच झालेत. प्रत्येक शोनंतर चर्चा मात्र एकाच गोष्टीची: कॅमेरा कुठला होता? या धाग्यावर ती चर्चा नको. दिग्दर्शकाने काय ठरवलं की सिनेमा सुधारतो आणि काय ठरवायचं राहिलं की बिघडतो, ते लिहा. मापं, वेळा, आकडे द्या. संघर्षकथा नकोत. बजेट कोणाकडेच नव्हतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवात यंत्रमागापासून होईल असं वाटतंय. इथल्या प्रत्येक तिसऱ्या स्क्रिप्टमध्ये माग असतोच!

---

धोटा_बाणा

होय, मागापासूनच. कारखान्यात संवाद असलेला प्रसंग असेल तर दिग्दर्शकाने सगळ्यात आधी ठरवायचं की माग चालू ठेवून घ्यायचं की बंद करून. चालू ठेवलं तर संवाद मिळत नाही, कॉलरला माईक लावला तरी नाही. त्यामुळे बहुतेक जण माग बंद करतात, नट निवांत आवाजात बोलतात आणि मागांचा आवाज नंतर मिक्सिंगमध्ये खाली घातला जातो. इथेच प्रसंग खोटा पडतो. चालू मागांच्या मध्ये उभा असलेला माणूस निवांत बोलूच शकत नाही. तो समोरच्याच्या कानाशी वाकतो, वाक्य तोडून तीन-चार शब्दांत ओरडतो, अर्धं हातवाऱ्यांनी सांगतो. मानेच्या शिरा ताणलेल्या असतात. ते नंतर कुठून आणणार?

उपाय सोपा आहे. प्रत्येक टेकच्या आधी माग अर्धा मिनिट चालवा आणि नटांना त्या आवाजात एकदा वाक्यं म्हणू द्या. मग माग बंद करून, आवाजाची तीच पट्टी धरून टेक घ्या. पट्टी दुसऱ्या टेकपर्यंत टिकते, तिसऱ्याला उतरते. तेव्हा माग पुन्हा चालवायचे. जॉबरला (माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला) आधी विश्वासात घ्या. माग बंद-चालू करताना धागा तुटला तर जोडायला वेळ जातो आणि त्याची मजुरी बुडते. ती देण्याची तयारी ठेवा.

मागाचे आवाज वेगळे घ्यायचे ते असे: एकच माग दोन फुटांवरून, सगळे माग दारातून, सगळे माग बाहेरच्या बोळातून, माग सुरू होतानाचा पहिला झटका आणि बंद होतानाचा शेवटचा. प्रत्येकी किमान दोन मिनिटं, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, आवाजाचं शिखर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. बोळातला आवाज सगळ्यात कामाचा. रात्री घरात झोपलेल्या पात्राला माग तसाच ऐकू येतो, भिंतीतून, फक्त खालचा ठोका. शेवटी शेड पूर्ण बंद करून रिकाम्या जागेचा आवाज एक मिनिट घ्या. तो नसला की एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये भोक पडतं.

---

कांडी

वरच्यात भर. शेडमधल्या ट्यूब ५० हर्ट्‌झच्या विजेवर असतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर (एक फ्रेम किती वेळ उघडी राहते ते) १/५० सेकंद ठेवा (शटरच्या कोनात १७२.८ अंश). स्लो मोशन ५० फ्रेमला १/१००. कोणाला १२० फ्रेमचा मोह झाला तर त्या ट्यूब बंद करून आपले दिवे लावा, नाहीतर चित्र धडधडत राहतं आणि ते एडिटमध्ये नीट निघत नाही.

तसा धोट्याचा (मागात आडवा धागा नेणाऱ्या तुकड्याचा) स्लो मोशन आता पुरे झाला, हे वैयक्तिक मत. १/५० ला धोटा दिसत नाही, नुसती रेघ दिसते, आणि मागावरच्या कामगारालाही तो तसाच दिसतो. पात्राच्या नजरेतून सिनेमा सांगायचा तर रेघच बरोबर.

कापसाचे तंतू लेन्सवर बसतात. दर तासाला ब्लोअर मारा, कपड्याने पुसू नका. लेन्स बदलायची तर शेडच्या बाहेर येऊन.

---

कडक_भाकरी

उन्हाबद्दल. "उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ शूट करा" एवढं सगळेच सांगतात. दिग्दर्शकाचा प्रश्न वेगळा आहे: गोष्ट कोणत्या महिन्यात घडते?

उदाहरण १९३० च्या मार्शल लॉचं (इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या लष्करी राजवटीचं) घ्या, कारण त्यावर करायची इच्छा इथे दर दुसऱ्या ग्रुपला असते. ते प्रकरण मे महिन्यातलं. सोलापूर १७.७ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. हाच प्रसंग सोयीसाठी जानेवारीत भर दुपारी घेतला तर सूर्य साधारण ५१ अंशांवर असतो आणि साडेपाच फुटांच्या माणसाची सावली जवळजवळ साडेचार फूट पडते. घाम फवारून, टोप्या घालून काही होत नाही. प्रेक्षक सावली मोजत नाही, पण "हे काही मे महिन्यातलं वाटत नाही" हे त्याला बरोबर कळतं.

मेमध्येच घ्यायचं ठरलं तर दुसरी अडचण. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, चेहरा वाचता येत नाही. गर्दीच्या वाइड शॉटला ते चालतं, उलट हवंच. जवळच्या शॉटला डोक्यावर ८ बाय ८ फुटांच्या चौकटीवर पातळ पांढरं कापड ताणा (मांजरपाट नको, फार जाड होतं, एकेरी मलमल चालते) आणि छातीच्या उंचीवरून पांढऱ्या थर्माकोलने उजेड परत मारा. चंदेरी रिफ्लेक्टर टाळा, नट डोळे बारीक करतात. चौकट धरायला चार माणसं. वारा सुटला की दोरीने खाली बांधा.

जुना काळ दाखवताना केबल, डिश, बोर्ड पुसत बसण्यापेक्षा चौकट अरुंद करा. सुपर ३५ सेन्सरवर (सिने कॅमेऱ्यांचं नेहमीचं माप) १० फुटांवरून २४ एमएमला साधारण १० फूट रुंदी दिसते, ३५ ला ७ फूट, ५० ला ५ फूट. जुन्या वाड्याच्या भिंतीचा पाच फूट स्वच्छ तुकडा सोलापुरात अजून मिळतो. दहा फुटांचा शोधत फिरावं लागतं.

---

तेंदूपान

अभिनयाबद्दल लिहिते. विडी कामगार बाईची भूमिका असेल तर दोन पर्याय: नटीला विडी वळायला शिकवा, नाहीतर विडी वळणाऱ्या बाईलाच घ्या. पहिल्याला किमान तीन आठवडे धरा. पान कापणं, तंबाखू पसरणं आणि वळणं लवकर जमतं, पण विडीचं तोंड दुमडून दोरा गुंडाळण्याची शेवटची हालचाल हातात बसायला वेळ लागतो, आणि क्लोजअपमध्ये तीच दिसते.

दुसरा पर्याय घेतला तर संवाद पाठ करायला लावू नका. प्रसंग सांगा, शेवटी कुठे पोचायचंय ते सांगा, शब्द त्यांचे. जमिनीवर पट्ट्या चिकटवून "इथे थांबा" म्हटलं की त्या खाली बघत चालतात. त्याऐवजी जागेवर काम ठेवा: चूल तिथे, सूप इथे. माणूस आपोआप ठरलेल्या जागी येतो.

आता खरा मुद्दा. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे सराईत बाई बोलताना हात थांबवत नाही आणि वरही बघत नाही. नजर सुपात. म्हणजे अख्ख्या प्रसंगात ती मान कधी वर करते ही घटना आहे, आणि ती कोणत्या वाक्यावर, हे दिग्दर्शकाने ठरवायचं. मुलगी "मला पुढं शिकायचंय" म्हणते तेव्हा? की त्यानंतर बाप गप्प राहतो तेव्हा? पहिल्या वेळी वर बघितलं तर आई मुलीच्या बाजूची वाटते. दुसऱ्या वेळी बघितलं तर ती बापाला घाबरणारी वाटते. आणि हात थांबले तर तिसरंच काहीतरी. पटकथेत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. जे दिग्दर्शक हे ठरवत नाहीत त्यांच्या प्रसंगात बाई दर वाक्याला वर बघते, आणि प्रसंग सपाट होतो.

कंटिन्युइटी (शॉट-शॉटमधला मेळ): वेग मिनिटाला साधारण दोन विड्या. तीन मिनिटांचे आठ टेक झाले की सुपातला ढीग चाळीस-पन्नास विड्यांनी वाढलेला असतो. वाइड आधी घ्या, सुपाचा फोटो काढा, प्रत्येक टेकनंतर ढीग मूळ पदावर आणा. जास्तीच्या विड्या फेकू नका, बाईंच्या हिशेबात धरा.

---

बे_सोलापूर

भाषेवर कोणीच कसं बोललं नाही? पुण्याहून आलेला नट दर वाक्याला "बे" लावतो आणि दिग्दर्शकाला वाटतं सोलापुरी झालं. "काय करलालास बे?" हे दोस्ताला. वडीलधाऱ्याला "बे" म्हटलं तर मुस्काटात बसेल. शिवाय शहरातली बोली वेगळी, करमाळा-माढ्याकडची वेगळी, अकलूजची आणखी वेगळी. पात्राचं गाव ठरवल्याशिवाय बोली ठरत नाही.

शहराच्या पूर्व भागातलं पद्मशाली (तेलुगू विणकर) घर दाखवताय? मग आई-मुलगा तेलुगूत, मुलगा-मित्र मराठीत, आणि भांडण वाढलं की मुलगा मराठीत आणि आई तेलुगूतच. कोण कुठल्या भाषेत राहतो आणि कोण बदलतो यात नातं दिसतं. सगळं मराठीत केलं की ते घर सोलापुरातलं राहतच नाही. सबटायटल दोन ओळींच्या वर नको, आणि शॉट बदलण्याआधी वाचून झालं पाहिजे.

---

धोटा_बाणा

@बे_सोलापूर, तत्त्वतः मान्य. पण नटाला जमत नसेल तर बोलीचा हट्ट सोडावा. अर्धवट बोलीपेक्षा साधी मराठी परवडली.

---

बे_सोलापूर

तसं असेल तर नट बदला की! बोली जमणारा नट इथे मिळत नाही असं थोडंच आहे? आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये प्रमुख भूमिकांना नवखी, गावाकडची मुलं घेतली. कास्टिंग हाच तिथला सगळ्यात मोठा निर्णय. भाषा, चाल, उन्हातली कातडी, सगळं त्या एका निर्णयासोबत आलं.

---

रीळ_क्रमांक_नऊ

मंजुळेंचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याच्या जागेबद्दल. 'फँड्री'च्या शेवटी नायक जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. तोच दगड बाजूने घेतला असता तर तो गावातल्या एका टवाळखोराला लागला असता आणि हिशेब तिथे मिटला असता. कॅमेरा त्या टवाळखोराच्या जागी ठेवल्यामुळे दगड आपल्याकडे येतो. कॅमेरा कोणाच्या जागी उभा आहे, याचं उत्तर प्रत्येक शॉटला देता आलं पाहिजे. "फ्रेम छान दिसत होती" हे उत्तर धरायचं नाही.

गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा) नंदीध्वजांची, म्हणजे उंच जड काठ्यांची, मिरवणूक टिपणाऱ्यांनाही हेच लागू. गच्चीवरून सातही ध्वज एका फ्रेममध्ये मिळतात, देखणं दिसतं, पण वजन दिसत नाही. वजन दिसतं ते ध्वज पेलणाऱ्याच्या कंबरेच्या उंचीवरून, ३५ एमएमने, चार-पाच फुटांवरून. एक्स्पोजर बाराबंदीवर (मानकऱ्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर) लावा. पांढरं कापड उन्हात आधी जळतं, म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली ठेवा, चेहरे नंतर वर उचलता येतात. आणि मिरवणूक तुमच्यासाठी थांबणार नाही, मानकऱ्यांच्या वाटेत ट्रायपॉड लावू नका.

---

पेटी_मास्तर

पार्श्वसंगीत. शॉर्टफिल्ममध्ये पहिल्या सेकंदाला बासरी सुरू होते ती श्रेयनामावलीपर्यंत. दिग्दर्शकाला प्रसंगावर भरवसा नसला की असं होतं.

१९३७ साली प्रभातच्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, बाकी प्रसंगातलेच आवाज. आता उलट टोक बघा: 'सैराट'मध्ये आधी अडीच तास भरगच्च वाद्यवृंद, आणि शेवटी मूल घरात पाऊल टाकतं तिथून आवाजच काढून घेतलाय. ती शांतता त्या अडीच तासांमुळे कळते. 'कुंकू'त ती युक्ती चालली नसती.

करून बघण्यासारखं: पहिला कट संगीताशिवाय पाच जणांना दाखवा. जिथे ते मोबाईलकडे बघतात तिथे संगीत घालायचा मोह होतो. त्या जागी आधी प्रसंग कापा. संगीताआधी प्रसंगातला आवाज पुढे-मागे करूनही बरंच होतं. घरातला शॉट चालू असतानाच पुढच्या शॉटमधल्या मागाचा ठोका १२ ते २० फ्रेम आधी आणा, प्रसंग आपोआप पुढे ढकलला जातो.

---

कडक_भाकरी

@पेटी_मास्तर, २० फ्रेम जास्त होतात. १२ च्या वर गेलं की प्रेक्षक वळून बघतो, आवाज कुठून आला म्हणून.

---

पेटी_मास्तर

ते मागच्या शॉटवर आहे. शांत शॉट असेल तर ८ सुद्धा पुरतात. आधीच गोंगाट असेल तर २० लागतात.

---

तिकीट_खिडकी

शेवटच्या टप्प्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. लॅपटॉपवर पास केलेला सिनेमा थिएटरात वेगळा दिसतो, आणि हे तपासणं दिग्दर्शकाचं काम आहे, एडिटरवर सोडू नका. डीसीपी (थिएटरात चालणारी सिनेमाची डिजिटल फाईल) २४ फ्रेमचा करा. पडद्याची चौकट दोन प्रकारची: टूके फ्लॅट १९९८ बाय १०८० पिक्सेल, जास्त रुंद स्कोप २०४८ बाय ८५८. कोणतं ते शूटच्या आधी ठरवा. १६:९ मध्ये शूट करून शेवटी स्कोपसाठी वर-खाली कापलं की कपाळं जातात.

रात्रीचे प्रसंग लॅपटॉपच्या उजेडात बरे वाटतात, हॉलमध्ये काळे होतात. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून एकदा बघा. आवाज फेडर (हॉलचं आवाजाचं बटण) ७ वर धरून मिक्स करतात, पण बरेच हॉल तो ५ च्या आसपास ठेवतात. तेव्हा पहिल्यांदा बुडतो तो संवाद. म्हणून ट्रायलला फेडर ५ वर लावायला सांगा आणि शेवटच्या रांगेत बसा. धोटा_बाणांनी सांगितलेला मागाचा प्रसंग तिथून ऐका. शब्द कळले तर मिक्स झालं. नाही कळले तर माग ३ डेसिबल खाली आणा, संवाद वर नेऊ नका, तो फाटतो.

ट्रायलसाठी सकाळच्या पहिल्या शोच्या आधीची वेळ मागा, ऑपरेटर तेव्हा मोकळा असतो. डीसीपीची डिस्क आदल्या दिवशी द्या, सर्व्हरवर चढवायला वेळ लागतो.