रूट येतो, पण रेषा दिसत नाही
वर विचारलंय की ओएसआरएमकडून (रस्त्यांवरून मार्ग काढून देणारा सर्व्हर) रूट मागवला, उत्तरात 'ओके' आलं, तरी लीफलेटच्या (वेबपानावर नकाशा दाखवणारी लायब्ररी) नकाशावर रेषा उमटत नाही. लॅट-लाँगची अदलाबदल तपासा, असं वर सुचवलं आहेच, आणि ते बरोबर आहे: लीफलेटला आधी अक्षांश लागतो, ओएसआरएमला आधी रेखांश. गंमत म्हणजे उलटे आकडे दिले तरी एरर येईलच असं नाही. सर्व्हर तो बिंदू जवळच्या रस्त्यावर नेऊन चिकटवतो, मग तो रस्ता कितीही लांब असो. म्हणून उत्तरातल्या 'वेपॉइंट्स'मधला 'डिस्टन्स' बघा. तुम्ही दिलेला बिंदू आणि चिकटवलेला बिंदू यांतलं ते मीटरमधलं अंतर असतं. तिथे पाच-दहाच्या जागी लाखभर दिसलं, की चोर सापडला.

तिथे सगळं ठीक असेल तर माझा संशय पॉलिलाइनच्या (मार्गाचे सगळे बिंदू अक्षरांच्या एका आखूड ओळीत दाबून पाठवतात, ती ओळ) डीकोडिंगवर, म्हणजे ती पुन्हा आकड्यांत उलगडण्यावर आहे. मी स्वतः यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. ओएसआरएम मुळात 5 दशांश स्थळांची पॉलिलाइन देतं, पण 'पॉलिलाइन6' मागितली (किंवा 'वाल्हाला' हा दुसरा रूट-सर्व्हर वापरला) तर 6 स्थळांची येते. डीकोडर 5 धरून चालला की प्रत्येक आकडा दसपट होतो. 48.85 चा अक्षांश 488.5 झाल्यावर रेषा दिसणार कुठून? डीकोड केलेला पहिला बिंदू कन्सोलवर छापा, लगेच कळेल. नाहीतर सरळ 'जिओमेट्रीज=जिओजेसन' मागा, म्हणजे बिंदू साध्या आकड्यांतच येतात. उत्तर जरा जाड येतं, पण डीकोडिंगची कटकटच नाही. मी आता तेच करतो.