'हाउस'मधल्या अ‍ॅम्बरला काढलं ते बरोबर होतं का?

मृण्मयी

इथे 'हाउस' ही हॉस्पिटलवरची अमेरिकन मालिका बघितलेले बरेच जण असतील असं धरून विचारतेय. फॉक्सवर 2004 ते 2012 चालली, आठ सीझन. सध्या चौथा सीझन पुन्हा बघतेय आणि माझं घोडं परत तिथेच अडलंय: डॉ. अ‍ॅम्बर व्होलाकिसला हाउसने काढलं ते बरोबर होतं का? (पुढे सगळं फुटणार आहे. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.)

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. डॉ. हाउस हा अवघड आजारांचं निदान करणारा डॉक्टर. तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्याची जुनी टीम मोडते. चौथ्यात तो 40 उमेदवार लेक्चर हॉलमध्ये बसवतो, गळ्यात नंबर अडकवून, आणि एकेकाला घरी पाठवत जातो. त्यात अ‍ॅम्बर. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, तरुण, हुशार आणि पक्की डावबाज. अ‍ॅन ड्युडेकने काम इतकं नेमकं केलंय की ती नुसती हसली तरी समोरच्याने आपलं पाकीट चाचपावं.

तिचा पहिला डाव आठवतोय? हाउस उमेदवारांकडून स्वतःची गाडी धुवून घेतो. अ‍ॅम्बर चिडल्यासारखं करते, हा आपला अपमान आहे, आपण सगळेच निघून जाऊ म्हणते. काहीजण तिच्या भरीला पडून खरंच निघतात. ते गेले की ही बाई शांतपणे मागे वळून स्पर्धेत परत! तिथेच हाउस तिला ते शिवीवजा टोपणनाव देतो आणि मग ती जाईपर्यंत त्याच नावाने हाक मारतो.

आता माझा मुद्दा. त्याच सीझनच्या तिसऱ्या भागात व्हीलचेअरवरचा पेशंट आहे, स्नायू झिजवणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचा. निदान बरोबर होतं, त्याला जंतांवरचं आयव्हरमेक्टिन द्यायचं ठरतं. थर्टीन (गळ्यात 13 नंबर असलेली उमेदवार, पुढे तेच तिचं नाव पडतं) गोळ्या देते, पण त्याने गिळल्या की नाही हे बघायला थांबत नाही. गोळ्या खातो त्याचा कुत्रा. कुत्रा मरतो आणि पेशंटही जातो. एवढं होऊन हाउस थर्टीनला ठेवतो. का, तर ही चूक ती जन्मात पुन्हा करणार नाही म्हणून.

आणि नवव्या भागात अ‍ॅम्बरला काढतो. कारण काय देतो? खेळ तू सगळ्यांपेक्षा चांगला खेळतेस, पण तुला हरता येत नाही, चुकलेलं सोसत नाही. म्हणजे जिच्या हातून माणूस गेला ती राहिली आणि जिचे सगळे गाजलेले डाव फक्त बरोबरीच्या स्पर्धकांवर होते ती घरी! हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

(मी भूलतज्ज्ञ आहे, सरकारी कॉलेजातून पीजी केलंय. त्यामुळे या विषयात माझा जीव अडकलेला आहे.)

जुना_प्रेक्षक

मला हाउसचं पटतं.

नवव्या भागात तो स्वतः काय करतो ते बघ. कडी, म्हणजे हॉस्पिटलची प्रमुख, त्याला सांगते, उरलेल्या उमेदवारांतून दोघांनाच घे. तो मुद्दाम कुटनर आणि टाउब या दोन पुरुषांची नावं देतो. कडी म्हणते, टीममध्ये एक बाई हवी, थर्टीनला घे. झालं, त्याला हवे ते तिघे मिळाले. मग कडीच्या लक्षात येतं की आपल्याला खेळवलं. म्हणजे डावपेच हा त्याच्या लेखी गुन्हा नाहीच, तो तर त्याचा रोजचा उद्योग आहे. गुन्हा तिथे आहे जिथे माणूस स्वतःच्या निदानाच्या प्रेमात पडतो.

त्या टीमचं काम कसं चालतं? फळ्यावर सात शक्यता लिहायच्या, त्यातल्या सहा खोट्या ठरवायच्या. दर भागात हाउस तीनचार वेळा तोंडावर पडतो आणि पुढचं औषध लिहितो. ज्याला तोंडावर पडणं जमत नाही तो चौथ्या औषधापर्यंत पोचणारच नाही. तो पहिलंच धरून बसेल आणि पेशंट हातचा जाईल. थर्टीन त्या रात्री मोडली, कारण तिला आपली चूक दिसली. अ‍ॅम्बर तिच्या जागी असती तर कुत्र्यावर किंवा नर्सवर ढकलून मोकळी झाली असती, असं मला वाटतं.

सुलभाताई

मी जिल्हा रुग्णालयात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. ही मालिका मुलीने लॅपटॉपवर लावून दिली. इंग्रजी भराभर बोलतात, पण खाली अक्षरं येतात त्यामुळे समजतं.

गोळ्यांचा तो भाग मी बघितला तेव्हा रात्री झोप लागली नाही. आमच्याकडे क्षयरोगाच्या डॉट्समध्ये हाच तर नियम होता. गोळी पेशंटच्या हातात दिली म्हणजे दिली, असं नाही. समोर गिळायची, वर पाणी प्यायचं, आ करून दाखवायचं, जीभ उचलायची. रिफाम्पिसिनची कॅप्सूल गालात दाबून ठेवायची आणि पायरी उतरली की थुंकायची, असे लोक आम्ही रोज बघितलेत. वाईट माणसं नव्हती ती, औषधाने मळमळायचं बिचाऱ्यांना. मग आम्ही दुसऱ्या दिवशी विचारायचो, लघवी केशरी झाली का? त्या औषधाने होतेच. नाही म्हणाला की समजायचं, काल गोळी पोटात गेलेली नाही.

म्हणून सांगते, थर्टीनने केलं ते लहान नव्हतं. पण मला त्या दोघींपैकी एकीबरोबर रात्रपाळी करायची असेल तर मी थर्टीनला घेईन. अ‍ॅम्बरसारखे रेसिडेंट खूप पाहिलेत. हुशार, चपळ, हाताला यश असलेले. पण केसपेपरवर आधी काय लिहितील? 'सिस्टरना तोंडी सूचना दिलेली होती.' पेशंटकडे नंतर बघतील, आधी स्वतःची बाजू लिहून ठेवतील. मृण्मयी, तू डॉक्टर आहेस, राग मानू नकोस.

मृण्मयी

सुलभाताई, राग कसला? लघवीच्या रंगाचं जे सांगितलंत ते आम्हालाही एका सिस्टरनेच शिकवलं होतं. आणि केसपेपरवरची ती ओळ मीही वाचलेली आहे, अनेकदा.

पण जुना_प्रेक्षक, तुमच्या 'ढकलून मोकळी झाली असती' ला मी हरकत घेते. ते तुम्ही तिच्या चेहऱ्यावरून ठरवलंत, तिच्या कृतीवरून नाही. त्याच सीझनमध्ये खरा भामटा दुसराच आहे. सहाव्या भागातला डॉ. ब्रेनन, तोही उमेदवारच. क जीवनसत्त्वाने पोलिओ बरा होतो हे जगाला दाखवायचं म्हणून तो पेशंटला थॅलियम देऊन पोलिओसारखी लक्षणं उभी करतो. शांत, सज्जन चेहऱ्याचा माणूस! अ‍ॅम्बरवर सगळ्यांचं लक्ष, आणि विष देणारा कुणाच्या डोळ्यावर आला नाही.

मला हा फरक इतका महत्त्वाचा का वाटतो ते सांगते. पीजीला असताना मेडिसिनच्या एका युनिटमध्ये असा एक जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, होता. कोणाचंही वाईट बोलायचा नाही, सगळ्यांना चहा पाजायचा, नव्या जेआर वनना ताई-दादा करायचा. एका सकाळी किडनीच्या पेशंटचा रिपोर्ट आला, पोटॅशियम 6.8, म्हणजे हृदयाला धोका होईल इतकं जास्त. ती चिठ्ठी त्याने घेतली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. राउंडला सर आले की आपण काढून दाखवायची, सगळ्यांदेखत, आणि बाकीच्यांच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही असं सिद्ध करायचं. राउंडला अजून तासभर वेळ होता. त्या तासात पेशंट त्याच खाटेवर, मॉनिटर नसलेल्या वॉर्डात. सिस्टरने लॅबला आपणहून फोन लावला म्हणून कळलं. ईसीजी काढला तर टी वेव्ह तंबूसारख्या उभ्या. कॅल्शियम ग्लुकोनेट धावत जाऊन दिलं. पेशंट वाचला. आणि त्या मुलाला कोणी एका शब्दाने बोललं नाही, कारण 'खिशात राहून गेलं' म्हणाला.

डावबाज डॉक्टर म्हणून मला तो दिसतो. अ‍ॅम्बर निदान तुमच्या तोंडावर सांगते की मी जिंकायला आलेय. तिच्यापासून सावध राहता येतं. पेशंटला डावातलं प्यादं करणारा वेगळा आणि सहकाऱ्याला घरी पाठवणारा वेगळा, आणि या दोघांना एकाच दावणीला बांधलं की पहिला नेहमी सुटतो.

रानवारा

मी एमडी मेडिसिन, गेली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना. पोटॅशियमचं वाचून काटा आला अंगावर.

हाउसने काढलं म्हणून अ‍ॅम्बर संपली नाही, उलट खरी अ‍ॅम्बर त्यानंतर दिसते, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोनच भागांनंतर कळतं की हाउसचा जिवलग मित्र डॉ. विल्सन जिच्याबरोबर फिरतोय ती ही. हाउसला वाटतं, हा तिचा नवा डाव, माझ्यापर्यंत परत पोचायचा. बघणाऱ्यालाही तसंच वाटतं. मग गादीचा प्रसंग येतो. विल्सन तिला आवडेल अशी गादी निवडतो आणि ती वैतागते. म्हणते, तुला काय हवंय ते घे. आयुष्यभर दुसऱ्याच्या मर्जीने वागलेला माणूस, तो जाऊन पाण्याची गादी आणतो आणि मग त्यावर त्याला झोप येत नाही. समोरच्याला आपल्या मनासारखं वागायला लावणं ज्या बाईला सहज जमतं, ती इथे जोर लावतेय कशासाठी? तर त्याने स्वतःच्या मनासारखं वागावं म्हणून. मला हा प्रसंग लिहिणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं.

आणि तिचा शेवट. दारू प्यायलेला हाउस बारमधून विल्सनला फोन करतो, फोन अ‍ॅम्बर उचलते आणि त्याला आणायला जाते. तो काठी विसरून बसमध्ये चढतो. ती काठी द्यायला म्हणून त्याच्यामागे बसमध्ये चढते आणि त्याच बसला कचऱ्याचा ट्रक धडकतो. फ्लू झाला होता म्हणून ती अमँटाडिनच्या गोळ्या घेत होती. हे औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. अपघातात किडन्या निकामी झाल्या आणि औषध अंगात साठत गेलं. डायलिसिसने ते फारसं निघत नाही, हे खरं आहे, त्यांनी वैद्यक नीट वापरलंय. एक गोष्ट मात्र खटकते. जानेवारी 2006 मध्येच अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने फ्लूसाठी हे औषध वापरू नका असं सांगितलं होतं, कारण विषाणू त्याला दाद देईनासा झाला होता. हा भाग मे 2008 चा. आपल्याकडे तर अमँटाडिन म्हटलं की पार्किन्सनचे पेशंटच आठवतात. पण कथेला असंच औषध हवं होतं जे साधं वाटेल आणि डायलिसिसला बधणार नाही, त्यामुळे मी सोडून देतो.

जुना_प्रेक्षक

काठीचं मी विसरलो होतो. ती द्यायला चढण्यात तिचा कवडीचा फायदा नव्हता, ही गोष्ट माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाते, मान्य.

तरी मी म्हणतो, त्या टीमसाठी ती नव्हती. चांगला माणूस असणं आणि त्या फळ्यासमोर उभं राहणं ही दोन कामं आहेत. ब्रेननला ओळखायला हाउसला वेळ लागला, हेही खरंच.

मृण्मयी

रानवारा, अमँटाडिनचं साल माहीत नव्हतं, आभार. आणि गादीबद्दल अगदी, अगदी. तो प्रसंग मी कालच परत बघितला.

जुना_प्रेक्षक, 'त्या टीमसाठी नव्हती' इतकं मी मान्य करू शकते. पण मग हाउसने ते तेवढंच म्हणायला हवं होतं. हरता येणं हा गुण असेल तर तो शिकवता येतो, थर्टीनला त्याने तो वेळ दिला. अ‍ॅम्बरला दिला नाही, कारण ती त्याच्यासारखीच होती आणि स्वतःसारखा माणूस टीममध्ये त्याला नको होता. उमेदवारांतल्या त्या म्हाताऱ्या डॉब्सनला, जो डॉक्टरही नव्हता, त्यालाही त्याने नेमकं याच कारणाने काढलं होतं. दोघांचा विचार एकसारखा चालतो म्हणून. तिथे त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं. अ‍ॅम्बरला सांगितलं नाही. माझं भांडण आहे ते एवढ्याचसाठी. आणि बघा, पाचव्या सीझनच्या शेवटी व्हायकोडिनमुळे (वेदनाशामक गोळ्या, त्याला त्यांचं व्यसन आहे) त्याला भास व्हायला लागतात तेव्हा डोक्यात कोण येऊन बसतं? अ‍ॅम्बर. 2012 च्या अगदी शेवटच्या भागातही जी मोजकी माणसं त्याला दिसतात त्यात ती आहेच.

पारिजात

मी मालिका पाहिलीच नाही आणि तरी सगळं वाचून काढलं! सगळं फुटलंय ते चालेल. फक्त अ‍ॅम्बरसाठी बघायची तर कुठून सुरुवात करू? आठ सीझन माझ्याच्याने होणार नाहीत.

मृण्मयी

पारिजात, चौथा सीझन पहिल्या भागापासून लाव. लेखकांच्या संपामुळे तो 16 भागांचाच आहे, एरवी 24च्या आसपास असतात, त्यामुळे झेपेल. दुसऱ्या भागात अ‍ॅम्बर येते. पंधरावा आणि सोळावा भाग मात्र एकाच रात्री बघ, मध्ये आठवडा घालवू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी असेल तर त्या रात्री लावू नकोस.

सुलभाताई, तुम्ही सोळावा बघितलात का? त्यात तिला निरोपासाठी काही वेळ शुद्धीवर आणतात. भूल देणारी म्हणून त्या प्रसंगाबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे, वेगळा धागा काढते.