वॅगनआरमध्ये 20डब्ल्यू-40 इंजिन तेल टाकू का? पारा 46 वर आहे

पांदणवाला (दारव्हा तालुका)
2016 ची वॅगनआर, पेट्रोल, 71 हजार किमी. रोज गाव ते तालुका 9 किमी, त्यातले 3 पांदणीचे. महिन्यातून एखादवेळी यवतमाळ. मॅन्युअलमध्ये 5डब्ल्यू-30 लिहिलं आहे. मिस्त्री म्हणतात, आपल्याकडच्या उन्हात थे तेल पाण्यासारखं होते, 20डब्ल्यू-40 टाका. घरी ट्रॅक्टरच्या बकेटीत 15डब्ल्यू-40 चं 6 लिटर उरलं आहे, ते चालेल का? तेल बदलून 9 महिने झाले, गाडी फक्त 4,800 किमी चालली, पण तेल काळं दिसतं. बदलू की 10 हजार होऊ देऊ?

कॅमशाफ्ट
बाहेर 46 असो की 12, इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंट 90 अंशांच्या आसपास ठेवतात. तेल त्याहून थोडं जास्त तापतं. म्हणून ग्रेडमधला दुसरा आकडा 100 अंशांवर मोजतात: 30 म्हणजे 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप), 40 म्हणजे 12.5 ते 16.3. तुमच्या इंजिनातल्या फटी 30 च्या हिशोबानं ठेवलेल्या आहेत. जाड तेल बारीक वाटांतून उशिरा वर चढतं, सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटचा आवाज जरा जास्त वेळ येतो, ॲव्हरेजही थोडा पडतो.

उन्हात खरी तपासायची गोष्ट रेडिएटर आहे. त्याच्या जाळीत कापसाचा भुरा आणि धूळ बसली की इंजिन तापतं अन् शिव्या तेलाला बसतात. जाळी इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं धुवा. जोराचा प्रेशर मारला तर पाती वाकतात.

5डब्ल्यू-30 च घ्या. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी (पेट्रोल इंजिनच्या तेलाचा दर्जा) असावं.

बकेटवाला
भाऊ, थे ट्रॅक्टरचं तेल गाडीत नका टाकू. बकेटीवर सीएफ-4 नाहीतर सीआय-4 लिवलं असन, म्हंजे थे डिझेलचं हाय. डिझेलच्या तेलात झिंक-फॉस्फरस जास्त असते, अन् गाडीनं तेल थोडंबी जाळलं तं थे सायलेन्सरातल्या, धूर साफ करनाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसते. कन्व्हर्टरची किंमत इचारून पाहा, मंग 6 लिटर तेल वाया गेल्याचं काई वाटणार नाई. अन् वाया काऊन जाईन? ट्रॅक्टरलेच लागते थे. फक्त बकेटीचं झाकण घट्ट ठेवा, गोठ्यातली धूळ आत गेली नाई पायजे.

काळं दिसलं म्हून तेल खराब नसते, काजळी धरून ठेवणं त्याचं कामच हाय. डिपस्टिक पुसून थेंब बोटात चोळा. खरखर लागली, पेट्रोलचा वास आला, नाहीतर ऑइल कॅपच्या आतून ताकासारखा पांढरा थर दिसला, तं बदला.

कॅमशाफ्ट
आणि 10 हजार हा आकडा चांगल्या रस्त्याचा आहे, सोबत 12 महिन्यांची अट असते. धूळ आणि छोट्या फेऱ्या म्हणजे कडक वापर. त्यात 5,000 किमी किंवा 6 महिने, जे आधी होईल ते. हिवाळ्यात 9 किमीत तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. तुमचे 9 महिने झालेत. आता बदलाच.

पांदणवाला
ठीक, घरीच बदलतो. काय चुकू शकते?

पान्याचा डबा
चार-पाच गोष्टी हमखास चुकतात. इंजिन 5 मिनिटं चालवून बंद करा. तेल कोमट हवं, चटका देणारं नको. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड. वरची कॅप उघडा, मग ड्रेन बोल्ट. शेवटची धार थेंबांवर येईपर्यंत 15 मिनिटं सोडा.

फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरचं रबर त्याच्यासोबतच आलं का ते पाहा. ते इंजिनलाच चिकटून राहिलं आणि वरून नवा फिल्टर बसवला, तर दोन रबरांमधून तेल दाबानं बाहेर फेकलं जातं. नव्या रबराला बोटानं तेल लावा, रबर टेकलं की हातानं आणखी पाऊण फेरा. पाना नको.

ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच टाका. बोल्ट जीव खाऊन आवळू नका, ऑइल चेंबरचे आटे गेले की खर्च वाढतो.

मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. फिल्टरसहचा घ्या, पण अर्धा लिटर हातात ठेवून ओता. इंजिन मिनिटभर चालवा, खालून गळतं का पाहा, बंद करून 5 मिनिटं थांबा, मग सपाट जागेवर डिपस्टिक बघा. वरच्या खुणेच्या थोडं खाली ठीक. खुणेच्या वर गेलं तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसानं बेअरिंगला दाब मिळत नाही.

एअर फिल्टर त्याच दिवशी काढून पाहा. पांदणीची माती बारीक असते. फिल्टरच्या कडेनं धुळीची रेघ दिसली तर तो नीट बसलेला नाही, आणि ती धूळ रिंग-पिस्टन घासते. तेल कितीही भारी असलं तरी.

बकेटवाला
डबा सीलबंद घ्या, बिल घ्या, अन् रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याले भोक पाडा. त्याच डब्यात नकली तेल भरून परत दुकानात येते.

पांदणवाला
वॉशर कोणत्या मापाचा मागू?

पान्याचा डबा
माप सांगू नका, जुना वॉशर सोबत घेऊन जा. दोन घ्या, एक डिकीत राहू द्या.