शिकणं वेगळं, करून दाखवणं वेगळं

एका भाऊंनी लिहिलंय की त्यांचा कुत्रा घरी 'बस' म्हटलं की बसतो, नागपूरच्या फुटाळा तलावावर नेलं की ऐकत नाही, म्हणजे तो शिकलाच नाही. हा निष्कर्ष घाईचा वाटतो.

टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांचा १९३० चा प्रयोग बघा. उंदरांचे तीन गट, भूलभुलैया एकच. एका गटाला भूलभुलैयाच्या टोकाशी रोज खाणं, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला ११ व्या दिवसापासून. तोवर हा तिसरा गट नुसता भटकत होता, चुका दुसऱ्या गटासारख्याच. खाणं मिळालं आणि १२ व्या दिवशी चुका धाडकन कमी झाल्या, रोज खाणाऱ्यांच्या बरोबरीला आल्या. रस्ता आधीच डोक्यात होता, तो वापरायला कारण नव्हतं. पुढे १९४२ मध्ये क्रेस्पी या मानसशास्त्रज्ञानं बक्षिसाचं, म्हणजे खाण्याचं, प्रमाण बदलून पाहिलं, तर उंदरांचा धावण्याचा वेगही झपाट्यानं बदलला. शिकणं इतक्या लवकर बदलत नाही. बदलतो तो उत्साह. (आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशात भरल्या पोटी कोणता कुत्रा बिस्किटासाठी उठेल?)

अर्थात फुटाळ्याचं सगळं खापर उत्साहावर फोडता येणार नाही. संध्याकाळची गर्दी, भुट्ट्याचा वास, इतर कुत्री. शिवाय 'बस' हा हुकूम घरच्या खोलीशीच जोडला गेलेला असू शकतो. सकाळी लवकर, उपाशीपोटी, उकडलेलं चिकन घेऊन तिथेच करून बघा. बसला तर वाद मिटला. नाही बसला, तरी 'शिकला नाही' हे सिद्ध होत नाहीच.