तीन अंड्यांवरून भावाशी वैर! कोस्मस बरोबर की दामियन?

हळदीचं दूध
२६ सप्टेंबरला कॅथलिक लोक संत कोस्मस आणि दामियन यांचा सण पाळतात. जुळे भाऊ, किलिकियातले (आजचा दक्षिण तुर्कस्तान) वैद्य. फुकट उपचार करायचे, म्हणून ग्रीक त्यांना 'अनार्गिरोई' म्हणतात, चांदीला न शिवणारे. रोमन सम्राट डायोक्लिशियनने ख्रिस्त्यांचा छळ केला, त्यात दोघांची डोकी उडवली.

कथा अशी: पॅलाडिया नावाची अंथरुणाला खिळलेली बाई त्यांच्या हातून बरी झाली. तिने देवाची आण घालून दामियनच्या हातावर तीन अंडी ठेवली, त्याने घेतली. कोस्मस एवढा भडकला की म्हणाला, मेल्यावर मला याच्याशेजारी पुरू नका!

मला कोस्मस पटतो. आज अंडी, उद्या कोंबडी. 'वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर' काय उगाच म्हणतात?

कंपाउंडरची लेक
साफ चूक. आमच्या गावच्या दवाखान्यात एक आजी पदराआडून गावठी अंडी काढायची, कोंड्यात घालून आणलेली. डॉक्टरांनी एकदा 'नको' म्हटलं, तर पुढचे दोन महिने खोकत घरीच बसली. फुकटचं औषध घ्यायला लाज वाटते हो माणसाला. दामियनला पेशंट कळला होता, कोस्मसला फक्त स्वतःचं व्रत.

पोथीनिष्ठ
हळदीचं दूध, तुम्ही खिचडी केलीत. ग्रीक परंपरेत या नावाच्या तीन जोड्या आहेत. अंडी आशिया मायनरमधल्या (आजचा तुर्कस्तान) जोडीची. त्यांचा सण १ नोव्हेंबरला, आणि ते शांतपणे वारले. शिरच्छेद झाला ती जोडी वेगळी. लॅटिन कथांनी सगळं एकत्र कालवलं.

खवचट खलबत्ता
म्हणजे माणसं खरी होती की नाही इथूनच सुरुवात! किलिकियातल्या एगाई गावी आधी अस्क्लेपियस या ग्रीक वैद्यदेवाचं देऊळ होतं. रोगी तिथे झोपायचे, देव स्वप्नात येऊन बरं करायचा. पुढे कॉन्स्टँटिनोपलला या संतांच्या चर्चमध्येही रोगी तसेच झोपायचे. देव बदलला, खाट तीच.

आणि त्या पायाचं काय? रोममधल्या एका सेवकाचा सडलेला पाय कापून नुकत्याच पुरलेल्या इथिओपियन माणसाचा पाय बसवला म्हणे. चित्रांत गोऱ्या माणसाला काळा पाय दिसतो. सर्जन लोक त्याला पहिलं प्रत्यारोपण म्हणून मिरवतात. ज्याचा पाय गेला त्याला कुणी विचारलं?

हळदीचं दूध
@पोथीनिष्ठ, जोड्यांचं मान्य, चूक माझी. @खलबत्ता, पायाचं मलाही खटकतं. पण खाट तीच असली तर बिघडलं काय? रोग्याला कुठेतरी आडवं व्हायचं असतं.
अंड्यांवर मात्र ठाम. एकाकडून घेतलं की न देणाऱ्याला ओशाळं वाटतं.

कंपाउंडरची लेक
मग कथेचा शेवटही सांगा ना! दोघांना वेगळं पुरायला निघाले, तेव्हा एक उंट माणसाच्या आवाजात बोलला: दोघांना एकत्रच ठेवा. उंटाचं मत दामियनला.

खवचट खलबत्ता
उंटाने फी किती घेतली?