मुलांना बासरी-पियानोच्या शिकवणीला घालण्याआधी काय तयारी केलीत? (अनुभव)

चिंचबोरं
आमच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी बासरी शिकायला लागलंय. नुसती हवा, मधूनच एखादा 'सा' लागतो. लेकीचे सुरुवातीचे दिवस आठवले, म्हणून हा धागा.

ती सात वर्षांची असताना कोथरूडला गुरुजींकडे बासरी शिकायला जायची, शिकवणीत ती एकटीच. चार मुलांत बसलं की शेजारच्याकडे बघून निभावता येतं. इथे समोर फक्त गुरुजी, आवाज नाही निघाला तर लपायला जागा नाही. म्हणून आधी घरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकायचा खेळ खेळलो. ओठ किती मिटायचे, बाटली किती कलती धरायची, हे तिचं तिनेच शोधलं. नव्याने फुंकताना घेरी येते, तेव्हा थांबायचं आणि तसं सांगायचं, हेही आधीच बोलून ठेवलं होतं. पहिल्याच तासाला तिने बासरी खाली ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी, गरगरतंय, जरा थांबू?" मला इतकं बरं वाटलं! 'जमत नाहीये, परत दाखवा' हे मुलाला न घाबरता म्हणता आलं पाहिजे. बाकी सारेगम काय, गुरुजी शिकवतातच.

तुम्ही काय केलंत? सविस्तर लिहा.

सातारारोड
दात!! पुढचे दुधाचे दात हलत असतील तर बासरीची घाई नको. आमच्याकडे ऐन सुरुवातीलाच दोन्ही पडले, फुंकर कुठेही जायची. सर म्हणाले, तोवर गाऊ दे आणि हातावर ताल धरू दे. तीनताल तेव्हा पक्का झाला तो आजतागायत.

आभाळमाया_औंध
पियानोवाले आहेत का कुणी? आमच्या मुलाचे पाय स्टुलावरून लोंबकळायचे आणि सगळा भार खांद्यावर यायचा. बाईंनी पायाखाली काहीतरी ठेवा म्हटलं, आम्ही देवघरातला जुना पाट दिला. कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल एवढी उंची हवी, आणि नखं कापलेली.

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, सुरुवातीला पुरतो. पण हलकं-जोरात दाबल्यावर आवाज बदलणारा घ्या, नाहीतर बाईंच्या ८८ पट्ट्यांच्या पियानोवर बोटं गांगरतात. कुणाकडे जुना डिजिटल पियानो विकायचा असेल तर कळवा, वेटेड कीजचा, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा.

रात्रपाळी
नखं कापणे ही आमच्याकडे दर रविवारची लढाई आहे ताई, पियानो नसतानाही 😄

पमाकाकू
मी नातवाला घेऊन जाते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आजी, मागून 'असं नाही रे, असं' म्हणायचं नाही. अगदी बरोबर बोलले. मी बाहेर व्हरांड्यात मटार सोलत बसते. चुकला की आतून दोघांचं हसू ऐकू येतं. मी खोलीत असते तेव्हा तो चुकला की आधी माझ्याकडे बघतो. आईबाबांनो, बाहेर बसा. आणि कार्यक्रमांना न्या हो मुलांना! सवाई गंधर्व महोत्सवाला मुकुंदनगरला नेला होता, मांडीवर झोपला, पण बासरी सुरू झाल्यावर उठून बसला.

चिंचबोरं
पमाकाकू, किती छान लिहिलंत. मांडीवर झोपलं तरी कानात जातंच.

सातारारोड
एक राहिलं. मैफलीत वाजवतात तसली लांब बासरी मुलाला देऊ नका. ती पद्धत बासरीवादक पन्नालाल घोषांनी आणली, भारदस्त आवाजासाठी, पण लहान बोटं त्या भोकांवर ताणूनही पोचत नाहीत. भोक जरा उघडं राहिलं की सूर फाटतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. आम्ही पांढरी पाचची, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची, आखूड बासरी घेतली, सरांना विचारूनच. भोकं बोटाच्या टोकाने नाही, गादीने झाकायची.

डोंगरवाट
बासरी उन्हात गाडीत ठेवू नका!!! एप्रिलमध्ये तडकली आमची. सिंहगडावर गेलो होतो, ती मागच्या सीटवर. लेक दोन दिवस जेवली नाही नीट.

आभाळमाया_औंध
अरेरे 😟 दोरा गुंडाळून वाचते का?

डोंगरवाट
बारीक चीर असेल तर दोरा घट्ट गुंडाळून चालते. आमची आरपार गेली होती. आता आतून अधूनमधून तेलाचा हात फिरवतो आणि वाजवून झालं की फडक्याने पुसून ठेवतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी मात्र झकास होती त्या दिवशी.

कर्वेनगरी
लगेच परीक्षेचं विचारू नका, ही कळकळीची विनंती. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक असो नाहीतर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची इनिशियल, मूल वाद्याशी रमलं की शिक्षकच सांगतात. माझ्या भाचीचा रियाज संध्याकाळच्या दिवेलागणीनंतर, दहाच मिनिटं, पण रोज. वाद्य कपाटात नाही, हॉलमध्ये हाताशी असतं. येता-जाता वाजवते.

पमाकाकू
दहा मिनिटं पुष्कळ झाली. आमचा तेवढंही मोठ्या मिनतवारीने. @डोंगरवाट, तेल कुठलं लावता?

डोंगरवाट
मोहरीचं काकू. अगदी थोडं, काठीला कापड गुंडाळून.

आभाळमाया_औंध
कर्वेनगरी, भाची कुणाकडे शिकते? औंध-बाणेरकडे कुणी घरी येऊन शिकवणारं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. धाकटीला बासरी हवीय, तिचेही पुढचे दात आलेत आता.